चतकोर कुणी मोजत नाही

मित्रांनो, मी एक जुनं ताट आहे, काशाचं. तुमच्या घरात आता स्टीलची ताटं असतील, म्हणून आधी माझा धातू सांगतो. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील एकत्र वितळवलं की कासं तयार होतं. तांबं मऊ असतं, कथील त्याहून मऊ. पण दोन्ही मिसळली की धातू कठीण होतो आणि बोट मारलं तरी घंटेसारखा वाजतो. कारागिरानं मला लाल तापवून ठोकलं, कारण कासं गार असताना ठोकलं तर तडकतं. म्हणून माझ्या अंगावर हातोडीचे खळगे आहेत. माझा तळ खोल आहे आणि काठ बोटभर उभा आहे. माझ्या आकारामुळे पुढे काय झालं ते समजण्यासाठी एवढं लक्षात ठेवा.

सुकन्याचे वडील निलंग्याचे. लेकीच्या लग्नात जावयाला द्यायला त्यांनी मला उदगीरच्या बाजारातून घेतलं. लग्न लागलं आणि मी सुकन्याबरोबर औशाला आलो. सासूबाई सिद्धम्मा यांनी मला बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "घंटीवानी वाजतंय. सोयरा मनाचा मोठा हाय." त्या दिवसापासून मी जावई विरूपाक्ष यांचं ताट झालो. घरात आणि बाजारात त्यांना सगळे अप्पा म्हणतात.

अप्पांचा धंदा डाळींचा. औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं दुकान आहे. तुरीचं वाण कोणतं, हरभरा यंदाचा की मागचा, हे ते लांबून नुसतं बघून सांगत. दुपारी घरी येत. हातपाय धुऊन, कपाळाला भस्म लावून, गळ्यातल्या लिंगाची पूजा करून मग माझ्यासमोर बसत. या घरात अन्न म्हणजे प्रसाद. त्यातलं शीतही टाकायचं नाही. जेवण झालं की अप्पा माझ्यात पाणी ओतत, बोटानं कडेकडेनं फिरवत आणि ते पाणी पिऊन टाकत. मी घासायला जायचो तेव्हा जवळजवळ धुतलेलाच असायचो. पाहुणे म्हणत, ताट असावं तर असं आणि जेवणारा असावा तर असा.

बरीच वर्षं अशी गेली. सिद्धम्मा गेल्या. लेक शिवानी मोठी झाली, लातूरला एका शाळेत विज्ञान शिकवू लागली आणि रोज बसनं जाऊ-येऊ लागली. अप्पांना मधुमेह झाला तो मधल्या काळात, नेमका कधी ते कुणालाच कळलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. चहातली साखर गेली आणि तिच्या जागी गूळ आला, कारण डॉक्टरांनी साखर बंद म्हटलं होतं, गुळाचं नाव काढलं नव्हतं. शिवानीनं तोही बंद केला.

मग भूक आली.

ही भूक वेगळी होती. अप्पा पोटभर जेवून उठत आणि तासाभरात पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. दिवसातून दोनदा त्यांच्यापुढे जाणारा मी चारदा जायला लागलो. दुकानात फुटाणे, शेंगदाणे, शेजारच्या गाड्यावरची भजी चालायचीच. खाणं वाढलं तरी अंग मात्र उतरत चाललं होतं. शेजारचे दुकानदार शेषेराव एकदा घरी जेवायला आले. अप्पांचं जेवण बघून ते म्हणाले, "अप्पा, तुमाला भस्म्या झालाय. कपाळाला लावायचं भस्म पोटात उतरलं का काय?"

सगळे हसले. अप्पाही हसले. पण त्यानंतर ते शेषेरावांसमोर कधी जेवले नाहीत.

त्याच सुमारास डोळे गेले, म्हणजे जायला लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त पिकलेला. लांबून वाण ओळखणारा माणूस दाणा दाताखाली धरून ओळखू लागला. माझ्यातली हिरवी मिरची त्यांना भेंडी वाटायची. एकदा तूर म्हणून त्यांनी मसूर मापली, तेव्हा गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण परत आलंही नाही.

लातूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. त्या दिवशी रक्त तपासलं, साखर फार निघाली आणि अप्पांना परत पाठवलं. पुन्हा तारीख मिळाली, पुन्हा तसंच झालं. डॉक्टरांनी शिवानीला सांगितलं, "एवढ्या साखरेवर डोळ्याला हात लावला तर जखम चिघळेल. साखर खाली आणा. पण फार वेळ लावू नका, डावा डोळा जास्त पिकला तर काम अवघड होईल." निघताना ते म्हणाले, "ताट अर्धं करा."

सुकन्याबाईंनी ताट अर्धं केलं. त्या माझ्या निम्म्या भागात वाढायच्या. अप्पा ते संपवून बघत बसायचे. मग त्या पुन्हा निम्मं वाढायच्या. डॉक्टर अर्धं म्हणाले होते आणि ताट खरोखरच कधी अर्ध्याच्या वर गेलं नाही. साखरही खाली आली नाही.

शेवटी शिवानीनं आहार सांगणाऱ्या एका मॅडमना फोन लावला. त्यांचं नाव लुंबिनी. गाव मुदखेड, काम लातूरला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "येताना ताट घेऊन या. ते ज्यात जेवतात तेच."

मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं. औसा-लातूर बसमध्ये अप्पांनी मला मांडीवर धरलं होतं. "लोक दवाखान्यात रिपोर्ट घेऊन जातेत," ते म्हणाले, "आपण ताट घेऊन चाललाव. मॅडम वाढणार हायत का काय?"

"गप बसा," सुकन्याबाई म्हणाल्या. "तिथं तरी भूक लागली म्हणू नका."

लुंबिनी मॅडमनी मला टेबलावर ठेवलं, तळापर्यंत हात नेऊन बघितलं आणि विचारलं, "भाकरी किती खाता एका वेळेला?"

"दोन," अप्पा म्हणाले.

"दोनच," सुकन्याबाई म्हणाल्या. "म्या स्वतः वाढते. तिसरी न्हाई वाढली कधी."

दोघंही खरं बोलत होते, निदान त्यांच्या मते.

मॅडमनी भाकरीएवढे पुठ्ठ्याचे गोल काढले. "घरी वाढता तसं वाढून दाखवा. बोलता तसं बोला."

सुकन्याबाई आधी लाजल्या. मग हात सवयीनं चालू लागला. त्यांनी एक गोल ठेवला, मग दुसरा. मग तिसरा उचलला, त्याचा पाव भाग फाडला आणि माझ्या कडेला सारला. "हे चतकोर. वरण उरतंय म्हणून." पुन्हा फाडला. "हे चतकोर ठेच्यासंगं." आणखी एक. "हे उठायच्या वेळेचं. म्या म्हणते, घ्या की चतकोर, हे म्हणतेत, बरं दे." असे त्या फाडत राहिल्या. शिवानी बघत होती. ती रोज त्या घरात जेवत होती, तरी तिनं हे कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी ते तुकडे उचलले आणि माझ्या मध्यभागी कडेला कड लावून जोडले. एक भाकरी पूर्ण झाली. वर अर्धी उरली.



"हे मोजलं न्हाई तुम्ही," लुंबिनी मॅडम म्हणाल्या.

"चतकोर कुणी मोजतंय का मॅडम?" सुकन्याबाईंना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "माप भाकरीचं असतंय. चतकोर म्हंजी माया."

मॅडम हसल्या. "माझी आई सरजाबाईबी हेच म्हणती. आमच्या मुदखेडातबी चतकोर मोजत न्हाईत. पर रक्त मोजतंय."

अप्पा तेवढ्यात पुढे सरकले. त्यांना टेबलाची कड नीट दिसत नव्हती, ती त्यांनी हातानं धरली. "मॅडम, एक सांगू का? मला खरंच भूक लागती. लोक हसतेत. मी नाटक न्हाई करत."

"नाटक न्हाईच ते," मॅडम म्हणाल्या. "भूक खरी हाय. तुमचा धंदा मोंढ्यातला ना? मग असं बघा. दुकानापुढं पोत्यांच्या थप्प्या लागल्यात, पर शटर उघडत न्हाई. आत गिऱ्हाईक माल मागून राहिलं आणि आत दाणा न्हाई. तुमच्या रक्तात साखर भरून हाय, पण ती शरीराच्या आत, जिथं लागती तिथं जायना. म्हणून शरीर उपाशी हाय आणि ते ओरडून राहिलं. तुम्ही आणखी भाकरी टाकता, म्हंजे बाहेर आणखी पोती उतरतात."

अप्पांनी टेबलाची कड सोडली. मग म्हणाले, "म्हंजी मी अधाशी न्हाई."

"न्हाई."

मित्रांनो, मी भांडं आहे. माणसांच्या मनातलं मला कळत नाही. पण घरी येताना अप्पांनी मला मांडीवर अधिक सैल धरलं होतं, एवढं मी सांगू शकतो.

मॅडमनी जे सांगितलं ते अवघड नव्हतं. जेवायला बसल्यावर पहिल्यांदा काकडी, टोमॅटो, मुळा खायचा. मग वाटीभर घट्ट उसळ, मटकीची किंवा हुलग्याची, आणि पालेभाजी, अंबाडी, मेथी, मिळेल ती. भाकरी सगळ्यात शेवटी. आधी पोटात गेलेल्या भाजीमुळे आणि डाळीमुळे भाकरीची साखर रक्तात हळू उतरते आणि पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. चार वाजता भजी खायची नाहीत, मूठभर फुटाणे आणि ताक घ्यायचं. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, सोमवारचा उपास असला तरी. आणि भुकेबरोबर घाम सुटला, हात थरथरले तर ती साखर कमी झाल्याची भूक असू शकते. तेव्हा लाजायचं नाही, लगेच साखरपाणी प्यायचं. प्रसाद टाकायचा नसेल तर टाकू नका, म्हणाल्या, वाढतानाच कमी वाढा. आणि सुकन्याबाईंना त्या म्हणाल्या, "आग्रह बंद करू नका. आग्रह उसळीचा करा."

शेवटची सूचना माझ्याबद्दल होती. "हे ताट लई खोल हाय. यात वाढलेलं थोडं दिसतं आणि डोळ्याला उपाशी वाटतं. घरात लहान ताट हाय का?"

घरातलं सगळ्यात लहान ताट सुकन्याबाईंचं होतं. स्टीलचं, एका बाजूला पोचा पडलेलं. त्या दिवसापासून ते अप्पांचं झालं आणि मी फळीवर गेलो.

फळीवरून दिसलेले पहिले काही आठवडे वाईट होते. कारण कळलं म्हणून भूक निघून जात नाही. अप्पा जेवून उठत आणि हात धुऊन पुन्हा तिथंच घुटमळत.

"अगं, एक चतकोर दे की."

"काकडी देते."

"काकडी खायला मी काय बैल हाय का?"

"बैल असता तर बरं झालं असतं. बैलाला दावणीला बांधता येतंय."

एकदा त्यांनी रागानं पाण्याचा तांब्या आपटला. एकदा शिवानीला ते भाकरीच्या टोपल्याजवळ खाली बसलेले सापडले. हात टोपल्यात होता, पण भाकरी काढली नव्हती. ती शेजारी बसली आणि मोड आलेल्या मटकीची वाटी पुढे केली. अप्पांनी ती संपवली. "ह्याला तिखट मीठ लावलं तर बरं लागंल," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुकन्याबाईंनी कांदा, तिखट, मीठ, लिंबू लावलं. गंमत अशी की आयुष्यभर डाळी विकणाऱ्या या घरात डाळ फक्त भाकरी भिजण्यापुरती शिजत होती. आता दुकानातून हुलगे, मटकी, मूग घरी यायला लागले.

साखर हळूहळू उतरू लागली. आणि मॅडम म्हणाल्या होत्या तसं झालं: साखर उतरली तशी भूकही उतरली. शटर थोडं थोडं वर जात होतं. अप्पा आता जेवणानंतर अंगणात जाऊन बसत, स्वयंपाकघराकडे वळत नसत. संध्याकाळी शेषेराव हाक मारत तेव्हा त्यांच्याबरोबर किल्ल्यापर्यंत चालूनही येत.

याच दिवसांत सुकन्याबाईंनी मला फळीवरून काढलं. त्यांचं ताट गेलं होतं, त्यांना जेवायला काही हवं होतंच. माझ्या काठावर वडिलांनी सुकन्याबाईंचंच नाव कोरून घेतलेलं आहे. तरी लग्न झाल्यापासून त्या माझ्यात कधी जेवल्या नव्हत्या, मला फक्त घासत आल्या होत्या. आता पहिल्यांदा त्यांनी माझ्यात वाढून घेतलं.

अर्धी भाकरी. थोडी भाजी. एवढंच.

मला वाटलं, आज बरं नसेल. पण दुसऱ्या दिवशीही तेवढंच होतं आणि तिसऱ्याही. शेजारी अप्पा लहान ताटात जेवत असत, शिवानी घाईत आधीच जेवून बस पकडायला गेलेली असे. सुकन्याबाई वाटी माझ्या काठावर आपटत, तळावर बोटं वाजवत. मी काशाचा आहे, जरा धक्का लागला तरी मोठ्यानं वाजतो. अप्पांना धूसर दिसायचं, पण ऐकू नीट यायचं. ते म्हणत, "जेव जेव, पोटभर जेव. तुला काय पथ्य न्हाई." आणि त्या म्हणत, "जेवलाले की."

आवाज माझा होता. जेवण नव्हतं.

मी काही सांगू शकत नव्हतो. ताटाला ते जमत नाही.

मग एकदा रक्त तपासलं आणि शिवानी बसमधून उतरून धावतच घरात आली. साखर डॉक्टरांना हवी तेवढी उतरली होती. यावेळी तारखेला कुणी परत पाठवलं नाही. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तिथं मी नव्हतो, म्हणून त्याचं वर्णन करत नाही. अप्पा हिरवी पट्टी लावून आले, थेंब सुरू झाले, काळा चष्मा लागला. ज्या दिवशी डॉक्टरांनी सगळं व्यवस्थित आहे म्हणून सांगितलं, त्या दुपारी ते चष्मा काढून जेवायला बसले.

आधी त्यांनी वाटीतली मटकी एकेक दाणा वेगळा दिसतो का ते बघितलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्यानं वाचलं. मग सुकन्याबाई समोर येऊन बसल्या आणि त्यांनी मला पुढ्यात घेतलं.

अप्पा बघत राहिले.

"तुझ्या बांगड्या कुठं चालल्यात गं?"

हात वर केला तशा बांगड्या मनगटावरून घसरत कोपरापाशी गेल्या होत्या. सुकन्याबाईंनी हात खाली घेतला. "जुन्या हायत. सैल झाल्यात."

"बांगडी काचेची हाय. काच सैल होत नसती." ते पुढे वाकले. "गालफडं बसल्यात तुझी. काय झालंय?"

"काय न्हाई."

मग अप्पांनी माझ्यात बघितलं. इतकी वर्षं ते माझ्यात जेवले, पण मला असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. एवढ्या मोठ्या ताटात एका कोपऱ्यात अर्धी भाकरी होती.

"हे एवढंच जेवतीस?"

त्यांनी भाकरीवर हात ठेवला.

"कवापासून?"

"तुमी भुकेलेच उठायचाव," सुकन्याबाई म्हणाल्या. "दारात उभं राहायचाव. आन म्या काकडी द्यायची आन मागून भरपेट जेवायचं? नरड्याखाली उतरायचं न्हाई. मग सवयच झाली."

"आन ती वाटी वाजवायचीस ती?"

"तुमाला दिसत नव्हतं की."

अप्पा उठले. या घरात पुरुष वाढताना मी कधी पाहिला नव्हता. त्यांना टोपलं कुठं असतं ते माहीत होतं, ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी त्यातून एक आख्खी भाकरी काढली आणि माझ्यात ठेवली. वाढताना ती वाकडी पडली आणि भाजीत गेली. मग त्यांनी उसळ वाढली, जरा जास्तच.

"एवढं न्हाई जात आता," सुकन्याबाई म्हणाल्या.

"जाईल. सावकाश खा. साखर मला हाय, तुला न्हाई."

शिवानी त्या दिवशी घरीच होती. ती म्हणाली, "आई, आता अप्पा हायेत लक्ष ठेवायला. डोळा नवा हाय त्यांचा."

"दुसरा डोळाबी करायचाय अजून," अप्पा म्हणाले. "मग तर काय चोरी करता येणार न्हाई हिला."

सुकन्याबाई हसल्या आणि जेवू लागल्या. हळूहळू जेवल्या. वाटी वाजवली नाही.

तर मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. मी आता त्यांचं ताट आहे, रोज वापरात आहे, आणि मला चिंचेनं घासतात. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल आणि ते सारखं खायला मागत असतील, तर त्यांना हसू नका, त्यांची भूक खरी असते. त्यांना काकडी चिरून द्या, मटकीला मोड आणून द्या. काशाचं भांडं घरात असेल तर ते हातातून पाडू नका, त्याला गेलेला तडा सांधता येत नाही. आणि जेवायला बसाल तेव्हा वाढणारीला आधी बसवा, आणि तिच्या ताटात काय आहे ते नीट बघा. ताटाला बोलता येत नाही. बघावं तुम्हालाच लागेल.